पेट्यांना वारा

गावाबाहेरच्या वीज केंद्रात पांढऱ्या लोखंडी पेट्या आणून मांडल्यात, एकेक खोलीएवढी. मी तारेच्या कुंपणाशी उभा राहून बघत असतो. प्रत्येक पेटीला पंखे आहेत आणि ते सारखे घरघरतात.

तिथल्या वॉचमनला विचारलं, "एवढा वारा कुणाला घालता रे?"

"बॅटऱ्या आहेत बाबा, तापू नयेत म्हणून. दुपारच्या उन्हाची वीज यांच्यात भरायची आणि सांजच्याला सगळीकडं दिवे लागले की सोडायची."

"ऑक्सिजनचं मशीन चालंल का यावर?"

तो हसला. "अख्खा तालुका चालंल!"

"मग मागल्या वर्षी काय झोपला होता?"

तो बिचारा नुसता वॉचमन. त्याचा काय दोष?

माझी बायको घरात त्या मशीनवर होती. ऐन दिवेलागणीला लाईट गेली आणि मशीन थांबलं. दवाखान्याची गाडी निघाली होती, पण पोचायला वेळ होता. मी अडाणी. मला वाटलं, वारा तो वारा. पाखडायचं सूप घेतलं आणि तिला वारा घालत बसलो. गावभर हवा होती, पण तिच्या छातीत जात नव्हती.

आता या पेट्यांमुळं कुणाची तरी बायको वाचंल. आनंद व्हायला पाहिजे. होत नाही, खोटं कशाला बोलू?

त्या सांजेला तिला बोलवत नव्हतं. तरी माझं मनगट धरून म्हणाली, "थांबा आता. हात दुखंल तुमचा."

जन्मात तिचं कधी ऐकलं नाही. तेव्हा ऐकलं.