राघूची टाकी

जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या वस्तूसारखी नसते, हे तत्त्व अक्षरशः पाळणारा मी पाहिलेला एकच माणूस म्हणजे माझे चुलतसासरे. बाकीचे आपण सगळे भागवून घेणारे. त्यातही मी खोटं बोलून भागवून घेणारा, आणि ते मनात ठेवून मला नीट झोप लागत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

कळंबमध्ये त्यांची पिठाची गिरणी होती. एकाच्या दळणात दुसऱ्याचं चिमूटभर पीठ जाऊ नये म्हणून प्रत्येक दळणानंतर ते गिरणी थांबवत आणि कुंचा घेऊन आतून झाडत. बायका रांगेत ताटकळत, त्यांना नावं ठेवत आणि दळायला पुन्हा तिथंच येत. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या गावाला रेशनवर तोच लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा, एकाच पोत्यातून मापलेला. तेव्हाही यांचं झाडणं चालूच. मी नवा जावई होतो, शहाणपणा अंगात होता. मी म्हणालो, सगळ्यांचं धान्य एकच असताना झाडायचं कशाला? मुलगी देताना घाई झाली, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मिलो एक आसंल, जावईबापू. डबे एक न्हाईत."

घरातल्या प्रत्येक भांड्यावर त्यांनी नाव घालून घेतलं होतं. चिमटा लहान आणि नाव लांब, म्हणून नाव चिमट्याच्या एका पायावर आणि आडनाव दुसऱ्या पायावर. टँकर आला की साऱ्या गल्लीच्या घागरींची उलथापालथ व्हायची, भांडणं लागायची. हे मात्र शांतपणे आपल्या घागरीवरचं नाव मोठ्यानं वाचून दाखवत आणि घरी जात. शेजाऱ्याची छत्री पावसात सुद्धा यांनी कधी घेतली नाही. अर्थात आमच्याकडं पाऊसच फारसा यायचा नाही, त्यामुळं या नियमाची परीक्षा कमी झाली.

पुढं मी सहकारी ग्राहक भांडाराचा व्यवस्थापक झालो आणि भांडारानं गॅसचं वाटप घेतलं. गावात विहिरींनी तळ गाठला होता, पण आमचे अध्यक्ष म्हणाले, पाणी आपल्या हातात नाही, गॅस आहे. पहिला ट्रक आला तेव्हा त्यांनी उद्घाटनाचा नारळ टाकीवरच फोडायचा हट्ट धरला. सोलापूरहून आलेला माणूस एकदम दहा पावलं मागं सरकला, ते पाहून आम्ही वीस सरकलो. अखेर नारळ पायरीवर फुटला. मग अध्यक्षांनी तासभर भाषण करून, सहकारानं चुलीचा धूर घरातून हद्दपार केल्याचं जाहीर केलं. गावात तोवर एकही शेगडी पेटली नव्हती.

यादीत काकूंचं, म्हणजे माझ्या चुलतसासूबाईंचं, नाव मी वर घातलं. त्यांना दम्याचा त्रास होता. चुलीपुढं भाकरी थापताना धाप लागायची, मग परातीवर हात टेकून बसून राहायच्या. गॅस आला आणि त्या उभ्यानं, न खोकता भाकऱ्या करू लागल्या. काकांनीही टाकीचं कौतुक केलं, पण गॅसच्या टाकीवर ठोकून नाव घालता येईना. तेव्हा त्यांनी काकूंना खूण करायला सांगितली. काकूंनी पांढऱ्या रंगानं लाल टाकीवर एक राघू काढला, मान वळवून मागं बघणारा. जावा त्याला बदक म्हणत, पण ते जाऊ द्या.

खरा घोटाळा टाकी संपल्यावर झाला. रिकामी द्यायची आणि भरलेली, हाताला येईल ती, घ्यायची, हे मी काकांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, माझ्या डब्यात पीठ भरून द्या, दुसऱ्याचा डबा मला नको. मी सांगितलं, आत गॅस एकच असतो.

"मिलोबी एकच होता," ते म्हणाले आणि रिकामी टाकी देवघराशेजारी नेऊन ठेवली.

तीन आठवडे ती तिथंच बसली. काकू पुन्हा चुलीपुढं गेल्या. मी गेलो तेव्हा धुरात त्या दिसत नव्हत्या, फक्त खोकला ऐकू येत होता. मला दारापर्यंत पोचवायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यांचं तत्त्व लई मोठं हाय, जावईबापू. माझी छाती तेवढी न्हाय."

मी परत आत गेलो आणि काकांना सांगितलं की तुमचीच टाकी सोलापूरला नेऊन, भरून आणून देतो. त्यांनी डबीतला अणदूरच्या खंडोबाचा भंडारा काढून माझ्या कपाळाला लावला आणि शपथ घ्यायला लावली. मी घेतली.

दुसऱ्या दिवशी काकू भांडाराच्या मागच्या दारानं आल्या, पदराखाली ब्रश आणि रंगाची डबी. एका भरलेल्या टाकीवर त्यांनी राघू काढला. काकांनी टाकी फिरवून पाहिली, रंगाचा वास येतोय म्हणाले. काकू म्हणाल्या, गॅस भरताना टाकी धुत्यात, म्हणून रंग उजळतो. काकांना ते पटलं. स्वच्छतेची गोष्ट त्यांना लगेच पटायची. नंतर ते गावभर सांगत फिरले की सोलापूरला गॅस भरणारी माणसं आपल्या गिरणीसारखीच चोख आहेत.

अशी सहा वर्षं गेली. दर वेळी काकू यायच्या, राघू काढायच्या आणि धाप न लागता घरी जायच्या. त्यांना यात गंमत वाटे. मला खंडोबा आठवे. अणदूरला मी चारदा जाऊन आलो. देव काही बोलला नाही, त्यामुळं माफी झाली की नाही ते कळलं नाही.

मग एका उन्हाळ्यात काकू गेल्या.

दोन महिन्यांनी काका हातगाड्यावर रिकामी टाकी घेऊन भांडारात आले. "आमची भरून द्या," एवढंच म्हणाले. हा क्षण येणार हे मला कळायला हवं होतं. मी रंग आणला, दार लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा राघू काढायला बसलो. तीनदा रॉकेलनं पुसला. चौथा तसाच ठेवला आणि टाकी त्यांच्या घरी पोचवली.

काका खाली वाकले. चोचीवरून, मानेवरून त्यांनी बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"ही आमची न्हाय," ते म्हणाले.

माझ्यानं राहवलं नाही. सहा वर्षांतली एकही तुमची नव्हती, मी खोटी शपथ घेतली होती, सगळं सांगून टाकलं. ते रागावतील, हाकलून देतील अशी माझी तयारी होती. खरं सांगायचं तर तेच मला हवं होतं.

"न्हाय, न्हाय," ते सावकाश म्हणाले. "त्या समद्या आमच्याच होत्या. हीच तेवढी न्हाय." मग त्यांनी टाकीला हात लावून ती स्वतःच आत सरकवली. "राहू द्या. आता कोणतीबी चालंल."

तेव्हापासून ते रांगेत उभे राहतात, रिकामी देतात, हाताला येईल ती घेऊन जातात. खूण बघत नाहीत. अध्यक्ष मला म्हणाले, तुमचे सासरे सुधारले. मला मात्र ते भांडायला यावेत असं फार वाटतं.

काकूंचे ते राघू कुठल्या कुठल्या गावांच्या स्वयंपाकघरांत गेले असतील, कुणी खरवडले असतील, काहींवर नवा रंग चढला असेल. तरी ट्रक आला की मी सगळ्यांच्या देखत टाक्या एकेक करून फिरवून बघतो. गावात लोक म्हणतात, सासऱ्याचं वेड जावयाला लागलं.