आधी शटर तर वर जाऊ दे

ऑफिसात आल्या आल्या भाऊ फोन उचलायचे. ओटावाच्या थंडीतला जाडजूड कोट अंगावरच, बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं तळं, आणि इकडे हे कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरच्या पाववाल्या बाईंना विचारताहेत, "शटर वर गेलं का?" तिकडून होकार आला की मग कोट निघायचा.

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतो, ज्याला नोकरी म्हणजे घरचं कार्य वाटतं. तुम्हीही पाहिला असेल. आमचे भाऊ नागपूरचे. आमची कंपनी सरकारी मदतीतून त्या बेटावरच्या छोट्या-मध्यम धंद्यांना हातभार लावायची. पाव भाजणाऱ्या बाई, होड्या दुरुस्त करणारे बापलेक, मिरचीचा सॉस बाटल्यांत भरणाऱ्या काहीजणी. साहेबांना हवी असायची ग्रोथ. भाऊ म्हणायचे, "आधी शटर तर वर जाऊ दे, वाढीचं मग पाहू."

तिकडून येताना ते तो सॉस आणायचे आणि लंचरूममध्ये ज्याला त्याला चाखायला लावायचे. एकदा साहेबांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तर हे खूश. "माल पक्का आहे नं!" साहेब बिचारे वॉशरूमकडे धावले.

पाववाल्या बाईंच्या जुन्या भट्टीला भेग गेली होती. नवी भट्टी आमच्या कार्यक्रमातून मिळायची होती, पण कार्यक्रम पुढे चालू राहिला तरच. ते ठरवायला पैसे देणाऱ्या खात्यानं एका फेब्रुवारीत पाहणीसाठी माणूस पाठवला.

तो पोचला नेमका गावातल्या म्हाताऱ्या शिक्षिका वारल्या त्या आठवड्यात. तिथली रीत अशी की गावातलं माणूस गेलं की दफन होईपर्यंत दुकानं उघडत नाहीत, आणि परदेशातली मुलं पोचल्याशिवाय दफन होत नाही. शिक्षिकाबाईंचा मुलगा टोरांटोत, आणि हिमवादळानं विमानं बंद. पाहुण्यानं गल्लीभर हिंडून बंद दुकानांचे फोटो काढले आणि तो परत आला.

मीटिंगमध्ये पडद्यावर एकामागून एक बंद शटरं दिसू लागली. भाऊ उठले. "सर, देअर वॉज अ डेथ."

"इन ऑल द शॉप्स?" साहेबांनी विचारलं. दोघं-तिघं हसले.

भाऊ समजावत राहिले. त्या शिक्षिकाबाईंनी अख्ख्या गावाला लिहायला शिकवलं होतं. आमच्याकडेही कोणी गेलं की दुकान बंद ठेवतात. पाहणीवाला सभ्य माणूस, तो मान डोलवत होता. पण 'नॉट सस्टेनेबल' हे एकदा कोणी म्हटलं की त्यापुढे कोणाचं काही चालत नाही. मला त्या दिवशी संताप आला होता. अजूनही येतो.

पुन्हा एकदा माणूस पाठवा म्हणून भाऊ उन्हाळा लागेपर्यंत सगळ्यांचे उंबरठे झिजवत राहिले. "थकलो गं मी," माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचे. "तिकडे त्यांची दुकानं चालून राहिली, अन् इकडे मी ती चालतात हे सिद्ध करून राहिलो." मी चहा पुढे करायची. दुसरं काय करणार?

शेवटी नकारच आला. त्या दुपारी त्यांनी पाववाल्या बाईंना फोन लावला. भाऊंना कमी ऐकू यायचं, म्हणून स्पीकरवर. भट्टी येणार नाही, म्हणाले. आता मीही येणार नाही.

पलीकडून मग बाई त्यांच्या संथ इंग्रजीत म्हणाल्या, "भट्टीचं आम्ही बघू. भेगेला माती लिंपू. पण तुम्ही आता काम नसताना या. इतक्या वेळा आलात, एकदाही समुद्रात पाय बुडवले नाहीत."

"येस, येस. आय विल कम," भाऊ म्हणाले. फोन ठेवला आणि चष्म्यासकट तोंड हातांत धरून रडले. मी नुसती शेजारी बसून राहिले.

ते गेले नाहीत. आधी गुडघ्याचं ऑपरेशन, मग रिटायरमेंट, मग घर विकून ते आणि काकू दोघं एडमंटनला मुलीकडे राहायला गेले. तिथल्या दुसऱ्याच हिवाळ्यात भाऊ वारले. काकूंचा फोन आला त्या दिवशी मी उगीचच नकाशा उघडून बसले. एडमंटनहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच आहे.