सुशीलाबाई आणि वरून आलेला पेपर

कन्नड मुलखातल्या मन्नाएखेळ्ळीजवळच्या एका खेड्यात सुशीलाबाईंनी मराठी शाळेवर सव्वीस वर्षं काढली. तालुक्याच्या शिक्षण कचेरीचं नाव निघालं की त्या म्हणायच्या, "हाय की! तिथला शिक्का लई ठळक उठतो."

मराठी शाळेला कचेरीची पत्रकं कन्नडात यायची. पुस्तकं यायची दिवाळीनंतर. तपासनीस यायचे, फळ्यावरची तारीख बघायचे, चहा घ्यायचे आणि 'प्रगती समाधानकारक' लिहून मोटार पकडायचे. मराठीचं अक्षर त्यांतल्या एकालाही लागत नसे.

चौऱ्याहत्तर साली सातवीच्या विज्ञानाच्या पेपरात प्रश्न आला : 'लिंबू वाघ का लागते?' कन्नडात आंबटाला हुळी म्हणतात आणि वाघाला हुली. भाषांतर करणाऱ्या शहाण्याला दोन्ही सारखंच! असे सात प्रश्न होते. एका पोरीनं बिचारीनं लिंबावर पट्टे असतात असं लिहिलं. निम्मा वर्ग नापास झाला.

पेपर घेऊन बाई कचेरीत गेल्या. कारकून म्हणाला, "पेपर वरून आलाय, बाई."

"वरून म्हंजे? आभाळातून?"

त्याला बाजूला सारून त्या नवे अधिकारी बसलिंगप्पा यांच्या खोलीत शिरल्या. त्यांना मराठी येत होतं. पेपर वाचून ते आधी हसले, मग तो खाली ठेवून म्हणाले,

"अक्का, माझ्याबिगर कचेरीत मराठी वाचणारं कुणीच न्हाई."

"मग अकरा मराठी शाळा कुणाच्या भरवशावर चालायल्यात?"

"तुमच्याच," ते खाली मान घालून म्हणाले.

पण हा माणूस नुसता मान घालून बसला नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्यानं अकरा शाळांचे मास्तर मन्नाएखेळ्ळीला जमवले. भाषांतरं तिथं तपासली जाऊ लागली. ज्याला अपूर्णांक शिकवताना घाम फुटायचा, त्याला दुसऱ्यानं युक्ती सांगितली. जूनच्या आत पुस्तकं जीपनं शाळेत आली. कचेरी कशासाठी असते, हे बाईंना तेरा वर्षांच्या नोकरीनंतर कळलं.

दोन वर्षांत बसलिंगप्पांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, "अशा बैठकीची तरतूद नाही."

"नसू द्या. तुमच्या तरतुदीवाचून बसता येतं आम्हाला," बाई म्हणाल्या.

पेपर पुन्हा वरूनच येऊ लागले, पण शनिवार बाईंनी मारुतीच्या देवळात चालू ठेवला. कचेरीनं लगेच तो अहवालात 'आमचा उपक्रम' म्हणून घातला.

सत्त्याऐंशी साली कचेरीत झालेल्या बाईंच्या निरोप समारंभात त्या वेळचे साहेब बोलायला उभे राहिले. "आमच्या मार्गदर्शनाखाली बाईंनी..."

बाईंनी गळ्यातला हार काढला. "साहेब, माझ्या शाळेचं गाव कोणतं, तेवढं सांगा."

साहेबांनी कारकुनाकडं बघितलं. कारकुनानं छताकडं. अकरा शाळांचे मास्तर खो-खो हसले.

पुढं तीन वर्षं बाई बैठकीला जात राहिल्या. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा बैठका बंद पडल्या. कचेरीला त्याचा पत्ताही नव्हता. अहवालात त्या बैठका बिनचूक भरतच राहिल्या.