आडवा सात, तीन घरं

‘जाताना एकटंच जातं, पण माणसाची अब्रू धोक्यात घालून जातं. त्याच्या जागी जे नवं बसवतात ते रंगानं कितीही जवळचं असलं तरी सख्खं वाटत नाही. (तीन घरं)’

उत्तर: बटन. छापून आलेली ही माझी पहिली खूण. शब्दकोड्याखाली ‘आडवे शब्द’, ‘उभे शब्द’ अशा ज्या ओळी असतात त्यांना छापील भाषेत शोधसूत्र म्हणतात. मी आपली खूणच म्हणायची. इतरांच्या कोड्यात बटनाची खूण ‘गुंडी’ एवढीच असते. एका शब्दाला दुसरा शब्द दिला की ते मोकळे. तशी खूण मी जन्मात लिहिली नाही, आणि हे मी जरा मिरवूनच सांगते आहे.

मी कोडी करायला लागले तेव्हा हिंगोलीकडच्या गोरेगावात आमचं शिलाईचं दुकान होतं. नवरा पँट-शर्ट शिवायचा, मी ब्लाउज आणि पिको-फॉल बघायची. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि जिल्हा झाला म्हटल्यावर आपलं साप्ताहिक नको का, म्हणून साप्ताहिकंही निघाली होती. त्यातल्या एकाचे संपादक मुळात लग्नपत्रिकांचा छापखाना चालवायचे. लग्नसराई संपली की त्यांच्या जाहिराती आटायच्या आणि शेवटचं पान ओसाड पडायचं. अशाच एका आषाढात ते सफारी शिवायला टाकायला आमच्याकडे आले. मी मशीनवर बसून जुनं वर्तमानपत्र वाचत होते.

“ताई, तुमी लई वाचता म्हणे,” ते म्हणाले. “एखादं कोडं करून द्या की. पान रिकामं पडून राहिलंय.”

“केवढं करू?”

“पान भरंल तेवढं.”

आता इतकी मोठी परवानगी मिळाल्यावर मी कशाला हात आखडता घेते!

ब्लाउज बेतायच्या खाकी कागदावर मी खडूनं चौकट आखायची. काळ्या घरांच्या जागी काळी बटनं ठेवायची. शब्द जुळेना की बटन सरकवायचं. गिऱ्हाईक समजायचं, बाई बटनं मोजून राहिली. मराठीत कोडं करणं म्हणजे काय तकलीफ असते ते करणाऱ्यालाच ठाऊक. एका घरात एक अक्षर, त्याच्या काना-मात्रेसकट. तुम्ही हौसेनं ‘आठवण’ असा छान शब्द आडवा घालता आणि शेवटी तो ‘ण’ येऊन बसतो. ‘ण’पासून सुरू होणारा एकही शब्द मराठीत नाही. त्याच्याखाली निमूट काळं बटन ठेवायचं आणि पुढं जायचं.

चौकट जुळली की खरं काम सुरू व्हायचं. ‘उंबरठा’ला मी लिहिलं होतं, ‘याच्यावर बसू नको म्हणून मोठी माणसं लेकरांना रागावतात, आणि पाहुणा निघाला की स्वतः तासभर याच्यापाशीच उभी राहून बोलतात.’ ‘जांभई’ला लिहिलं, ‘एकानं दिली की समोरच्यालाही द्यावीच लागते. पाहुण्यांचं भाषण लांबलं की पहिल्या रांगेतून निघते आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.’ एकेका खुणेला मी दोन-दोन दिवस घालवायची. हातात फॉल, डोक्यात खूण.

इतक्या लांब खुणा कशाला, असं संपादकांनी एकदा विचारलं. पान भरायचं होतं ना, असं मी सांगून टाकलं. ते खोटं होतं.

माझा जन्म बंजारा तांड्यावरचा. घरी आमची बोली, आईला मी याडी म्हणायची. शाळा शेजारच्या गावात, आणि शाळेत सगळं मराठीत. येणं-जाणं, देणं-घेणं हे शब्द लवकर आले, वस्तूंची नावं मात्र येता येईनात. एकदा शाळेत खाऊ करायचा होता आणि बाईंनी विचारलं, घरून कोण काय आणणार? माझ्या डोळ्यांपुढे वस्तू लख्ख होती, पण नाव येईना. मी म्हटलं, “बाई, ते न्हाई का, ज्याला भोकंच भोकं असतात, तरी कोणी फेकत न्हाई, उलट पीठ त्याच्यातूनच काढतात!” सगळा वर्ग हसला आणि एकदम ओरडला, “चाळणी!”

हसले त्याचं वाईट वाटलं, पण शब्द मिळाला. मग मला ती रीतच सापडली. नाव येत नसलं की मी त्याच्याभोवती फिरायची, आणि इतकी फिरायची की समोरचा कंटाळून नाव देऊन टाकायचा. मराठी मला अशी मागून मागून, एकेका शब्दानं मिळाली. म्हणून ती माझी जरा जास्तच आहे असं मला वाटतं. ज्यांना ती आयती मिळाली त्यांनी रागावू नये.

कोडं वर्षभरात चांगलंच फोफावलं. खरी गंमत अशी की ते वाचता न येणाऱ्यांनाही सोडवता यायचं. ‘गुंडी’ म्हटल्यावर दुसरा शब्द आठवायला शिकलेलं डोकं लागतं, पण माझी खूण ऐकून कोणाच्याही तोंडून उत्तर निघायचं. एकदा मी सेनगावच्या जीपमध्ये बसले होते. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर साप्ताहिक उघडून मोठ्यानं खुणा वाचत होता आणि मागच्या शिटावरच्या दोन म्हाताऱ्या उत्तरं सांगत होत्या. एक म्हणाली, “कोन लिव्हतं रे हे? वाटतं, आपल्या घरात येऊन बघून गेलंय.” मी पदर सारखा करून खिडकीबाहेर बघत राहिले. इतक्या सुखात मी कोणत्याच जीपमध्ये बसलेली नाही.

मग तो अंक आला. आडवा सात, तीन घरं. ‘पुण्याकडचा माणूस यासाठी “का बरं” असे दोन शब्द खर्च करतो, आपण एकातच भागवतो. बापानं विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं, बायकोनं विचारलं तर उत्तर असूनही चालत नाही, आणि साहेबाला हे आपण कधी विचारतच नाही.’ उत्तर: काहून.

उत्तर छापून आलं त्याच्या पुढच्या आठवड्यात संपादकांनी जीपवाल्याच्या हाती एक पाकीट पाठवलं. त्यात हिंगोलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पोस्टकार्ड होतं. अक्षर मोत्यासारखं. ‘कोडेकर्त्या बाईंना शब्द ठाऊक नसावेत, म्हणून त्या वर्णने करतात. त्यातून अशुद्ध शब्द घालून वाचकांची दिशाभूल करतात. हे थांबावे.’ सोबत संपादकांची चिठ्ठी होती. गुरुजी मोठा माणूस, अर्धी हिंगोली त्यांच्या हाताखाली शिकली. यापुढे खुणा एका ओळीच्या करा आणि शब्द शुद्ध घ्या, न्हाईतर कोडं बंद करून शहरातून तयार मागवावं लागंल. शनिवारी या, गुरुजीबी येणार हायेत.

नवरा म्हणाला, “एका ओळीत लिव्ह ना. तेवढाच तुझा वेळ वाचंल.”

“तुमी पँटचे पाय गुडघ्यापर्यंत कापा,” मी म्हटलं. “तेवढंच कापड वाचंल.”

तोंडानं मी फटकळ बोलले, पण आतून हादरले होते. माझं नाव छापून येतं अशी जगात तेवढी एकच जागा होती. ती गेली की मी पुन्हा पिको-फॉलवाली. आणि पोस्टकार्डातलं ते पहिलं वाक्य मला चावत होतं, कारण ते खरं होतं. शब्द ठाऊक नव्हते म्हणूनच मी वर्णनं करायला शिकले होते. हे त्या माणसाला हिंगोलीत बसून कसं कळलं?

शनिवारी मी छापखान्यात गेले तेव्हा गुरुजी आधीच येऊन बसले होते. पांढरं स्वच्छ धोतर, मांडीवर अंकांची चळत. सुरुवात त्यांनी भाषणासारखीच केली.

“शहरातल्या वर्तमानपत्राचे कोडे मी चहा पिता पिता पूर्ण करतो. कोणाला एक अक्षर विचारत नाही. तुमचे कोडे मला पूर्ण होत नाही, बाई. मला लोकांना विचारत फिरावे लागते. मला! ती जांभई मला भाजीवालीने सांगितली.”

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पुढचा अंक उघडला आणि आडव्या सातवर बोट आपटलं. आवाज चढला तसं त्यांचं पुस्तकी मराठी घसरायला लागलं.

“हे बघा. हे अडलं म्हणून मी आमच्याकडं धुणं-भांड्याला येणाऱ्या बाईला वाचून दाखवलं. सगळी खूण वाचली. तर ती म्हणते, ‘काहून?’ मी म्हटलं, अगं, मला अडलंय म्हणून. ती परत म्हणते, ‘काहून!’ मी म्हटलं, तीन घरं रिकामी राहिलीत म्हणून विचारून राहिलो! तर हात ओवाळून म्हणते कशी, ‘काहून, गुरुजी, काहून!’ मला राग आला. म्हटलं, उलटून विचारत बसू नको, भांडी घास. आणि पुढच्या अंकात उत्तर बघतो तर काय? काहून!”

संपादकांनी टेबलावर डोकं टेकलं. खांदे गदागदा हलत होते. कंपोझिंगवाला मशीनमागे पळाला. गुरुजी काही हसले नाहीत. ते अंकाकडे बघत होते. मग हळू म्हणाले, “तिनं तीनदा बराबर सांगितलं. मीच तिला गप केलं.”

मी तर भांडायला कंबर कसूनच आले होते. सगळी वाक्यं जीपमध्ये घोकून ठेवली होती. त्यातलं एकही मला सापडेना. माझी खूण जिथं पोचायला हवी होती तिथं बिनचूक पोचली होती आणि तिथून बिनचूक उत्तर आलं होतं. ते उत्तर आहे, एवढंच कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मला त्या न पाहिलेल्या बाईचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

“गुरुजी,” मी म्हटलं, “तुमी लिव्हलं ते खरं हाय. मला शब्द ठाऊक नव्हते. मी तांड्यावरची. विचारून विचारून शिकले. म्हणून माझ्या कोड्यात सगळ्यांनाच विचारावं लागतं. खुणा मी लहान करणार न्हाई. बंद करायचं तर करा.”

संपादक डोळे पुसत म्हणाले, “कोन बंद करून राहिलं, ताई? गुरुजींच्या घरी धुण्याला येणारी बाईबी जे सोडवते, ते मी काहून बंद करू?”

“मग आणखी एक,” मी म्हटलं. माझी भीड चेपली होती, आता मी हटणार नव्हते. “त्या कोड्याची बरोबर उत्तरं देणाऱ्यांची नावं या अंकात यायची हायेत. पहिलं नाव त्या बाईचं घाला.”

“तिनं उत्तराचं कुपन कुठं पाठवलं?”

“तोंडी सांगितलं. एकदा न्हाई, तीनदा.”

संपादकांनी कागद ओढला आणि गुरुजींना विचारलं, “नाव काय तिचं?”

बाई गुरुजींकडे सहा-सात वर्षं येत होती. ते तिला ‘बाई’च म्हणत आले होते. अर्ध्या हिंगोलीची नावं हजेरीपटावरून पाठ असलेला तो माणूस खाली मान घालून बसला. मग उठला, चपला घातल्या आणि भर दुपारी घराकडे निघाला. घर मागच्याच गल्लीत होतं.

पंधरा मिनिटांनी परत आले ते घामानं निथळत. “नाव विचारलं तर म्हणते, काहून?” असं सांगताना पहिल्यांदा त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. नाव त्यांनी सांगितलं. संपादकांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, “पूर्ण नाव लागतं, गुरुजी. बापाचं लावते का नवऱ्याचं, आन् आडनाव?”

गुरुजी परत उठले. या खेपेला छत्री मात्र घेतली.

अंक निघाला. तिचं नाव सगळ्यांच्या वर, तिन्ही शब्दांनिशी छापलं होतं. त्याच्याखाली दुसरं नाव गुरुजींचं होतं. ते दुसरंच छापावं, असं त्यांनी त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिलं होतं.