चालू मशीनला हात

सुरतेतल्या लिंबायतच्या गल्लीत ललित बन्सीलाल महाजनला सगळे 'कंपनीचा पोस्टमास्तर' म्हणायचे. ही पदवी त्याच्या वडिलांनीच बहाल केलेली. बन्सीलाल आप्पांचं उभं आयुष्य कडोदऱ्याच्या यंत्रमागांवर गेलं आणि त्या खडखडाटात कानही गेले, त्यामुळे ते जे बोलत ते चार घरांना ऐकू जाई. "मना लल्या नही ते कंपनीनी एक चिठ्ठी हालस नही!" असं ते रोज ओट्यावरून आपल्या अहिराणीत जाहीर करत.

खरं म्हणजे ललित इच्छापोरजवळच्या एका साड्यांच्या कंपनीत ई-मेलची दोन मशीनं सांभाळायचा. ही मशीनं जोडीनं काम करत. एक चालू, दुसरं शेजारी तयार, आणि पहिलं बसलं की दुसऱ्यानं निमूट काम उचलायचं. एसीच्या त्या खोलीत ललितला एक फिरती खुर्ची होती. त्या खुर्चीवर त्याचा भारी जीव. तिच्याच भरवशावर सासऱ्यांनी जयश्री त्याला दिली होती आणि तिच्याचमुळे आप्पांना मुलगा मागावर न गेल्याचं समाधान मिळालं होतं.

ती खुर्ची ऐन दिवाळीच्या हंगामात डगमगायला लागली. 'गुड मॉर्निंग', 'जय श्रीकृष्ण' असल्या मेली सुसाट जात होत्या, पण साड्यांच्या डिझाइनचे फोटो जोडलेली मेल निघाली की अर्ध्यात अडकून बसायची. म्हणजे निरुपयोगी ते सगळं पोचत होतं आणि धंद्याचं काहीच नाही. मालक मगनभाईंनी आधी मशीनच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधून पाहिली. तिचा गुण येईना, तेव्हा त्यांनी ललितला बोलावलं. "ललितभाई, अजून एकदा अडकलं ना, तर मेल बाहेरच्या कंपनीला देईन. तमे कडोदरे जजो, गोडाऊनमां पार्सल गणजो."

कडोदरा! आप्पांनी ज्या गावातून पोराला वाचवलं, तिथंच पोरगा पार्सलं मोजायला जाणार. ललितला त्या दिवशी डबा गेला नाही.

त्यानं केबल बदलली, व्हायरसवाल्याला शिव्या घातल्या, डिझाइन खात्यातल्या मयुरीला "फोटो जरा लहान काढत जा" असंही सुनावलं. मयुरी म्हणाली, "साडी सहावारी आहे, मी काय रुमालाचा फोटो पाठवू?"

शेवटी त्याच्या डोक्यात उजेड पडला. उन्हाळ्यात दोन्ही मशीनांना नवी नेटवर्क कार्डं बसवली होती. मोठी मेल पाठवायची तर तिचे तुकडे करावे लागतात. ते काम मशीनचं, पण ही नवी कार्डं ते स्वतःकडे ओढून घेत. सुरतेत दुसऱ्याचं काम करून देण्याला जॉबवर्क म्हणतात, तोच प्रकार. आणि जॉबवर्कवाला कच्चा निघाला की मालाचं जे होतं, तेच फोटोंचं होत होतं. छोट्या मेलीचे तुकडेच पडत नसल्यानं त्या सुखरूप सुटत. ललितनं चालू मशीन थोडा वेळ बाजूला घेतलं, त्याच्या कार्डाचं हे जॉबवर्क बंद केलं आणि ते परत कामाला लावलं. अडकलेल्या साड्या धडाधड कोलकात्याच्या व्यापाऱ्यांकडे पोचल्या.

आता शहाण्या माणसानं त्याच पावली शेजारचं मशीनही नीट केलं असतं. कार्ड तेच, खोड तीच. पण ललित मागवाल्याच्या घरात वाढलेला. ज्या मागाचा धागा तुटला तोच माग बघायचा, चालत्याला डिवचायचं नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं. आप्पा तर जेवतानाही बजावत, "जे चालस त्याले हात लावाना नही!" दुसऱ्या मशीनवर हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. त्यानं त्याला हात लावला नाही. उलट सगळ्या ऑफिसला लोचो नावाचा सुरती फराळ खाऊ घातला आणि घरी जाऊन जयश्रीला सांगितलं, "खुर्ची पक्की झाली."

पुढच्याच आठवड्यात पहिल्या मशीनचं अपडेट निघालं. ललितनं ते सुरू केलं, दुसऱ्यानं ठरल्याप्रमाणे काम उचललं आणि मेल पुन्हा फोटोंवर येऊन अडकली. त्याच वेळी कोलकात्याचा मोठा व्यापारी फोनवर होता, "भेजो, भेजो" करत. मगनभाई तो फोन हातात धरूनच खोलीत घुसले.

ललितला एका क्षणात सगळं कळलं. या दुसऱ्याच्या कार्डाचं जॉबवर्क अजून चालूच होतं. पहिलं मशीन अपडेटमध्ये अडकलेलं, ते इतक्यात परत येणार नव्हतं. म्हणजे चालत्या मशीनलाच हात घालावा लागणार होता. तसं केलं की कार्ड क्षणभर बंद पडून साऱ्या कंपनीची मेल तुटणार, आणि कार्ड परत उठलंच नाही तर कडोदरा.

"शेठ, चालू मशीनला हात लावावा लागेल," तो म्हणाला.

"तो लगाड ने! मुहूर्त जोवो छे?" मगनभाई ओरडले.

ललितनं डोळे मिटून बटण दाबलं. हिरवा दिवा विझला. व्यापाऱ्याचं "भेजो" चालूच होतं. ललितला वाटलं, आपण स्वतःच्या हातानं आपलं घर विकलं. मग दिवा लागला, अडकलेल्या मेली सुटल्या आणि फोनमधून आवाज आला, "आ गया, आ गया."

मगनभाईंनी फोन खिशात टाकला. "आ पहेलां केम नहोतुं कर्युं?"

हे आधी का केलं नाही, याचं खापर कार्डवाल्या कंपनीवर फोडायला छान संधी होती. पण खोटं बोलायचंही त्राण ललितमध्ये उरलं नव्हतं. "ते चालू होतं, म्हणून हात लावला नाही," तो म्हणाला.

मगनभाईंनी त्याच्याकडे, मग दोन्ही मशीनांकडे पाहिलं. "तने बे सुधी गणतां नथी आवडतुं. कडोदरे पार्सल शुं गणीश? बेस अहियां ज." दोनपर्यंत मोजता येत नाही, तो तिथं पार्सलं काय मोजणार, तेव्हा बस इथंच! इतक्या अपमानानं वाचलेली नोकरी सुरतेत दुसरी नसेल. ललित खुर्चीत बसला आणि त्याला रडूच आलं.

संध्याकाळी त्यानं घरी सगळं सांगितलं. आप्पांना ऐकू जावं म्हणून त्याला ओरडावं लागलं, त्यामुळे गल्लीलाही कळलं. तुमचंच ऐकलं म्हणून फसलो, हेही त्यानं ओरडूनच सांगितलं. सांगून झाल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

आप्पांनी कानामागचा हात खाली घेतला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "नोकरी ऱ्हायनी ना?"

"ऱ्हायनी, आप्पा."

"मंग मनी गोट खोटी निंघनी ते बरं व्हयनं," आप्पा म्हणाले. "मनी गोट खरी धरीसन तू कडोदराले जाता, ते मी काय करतू?" आपलं म्हणणं खोटं ठरलं तेच बरं, ते खरं धरून पोरगा कडोदऱ्याला गेला असता तर काय केलं असतं, असा त्यांचा हिशेब.

आतून ललितच्या आई सुभद्राबाई पोळपाट सोडून बाहेर आल्या. नवऱ्यानं चूक कबूल केल्याचं त्यांनी संसारात प्रथमच ऐकलं होतं. "आज सूर्य कथा उगना माय!" आज सूर्य कुणीकडून उगवला, असं म्हणत त्यांनी कपाळावर हात मारला, आणि त्यांचे पिठाचे हात होते म्हणून कपाळ पांढरं झालं. आप्पांना ते काहीच ऐकू गेलं नाही. ते ओट्यावर जाऊन उभे राहिले आणि गल्लीला ओरडून सांगू लागले की त्यांचा लल्या बापापेक्षा हुशार निघाला.