पहाडसिंग पळाला तेव्हा

बी.ए. झालेल्या बाईने कॉमिक हातात घेऊन स्वतःच्या नणंदेला खोटं पाडावं, यापेक्षा मोठा मूर्खपणा त्या वर्षी सावद्यात कुणी केला नसेल. तो मी केला. चारचौघांत, मोठ्याने वाचून, उच्चार अगदी स्वच्छ ठेवून. नातवंडं कधी विचारतात, "आजी, तू लहानपणी हुशार होतीस का गं?" मी म्हणते, लहानपणी होते, लग्नानंतर बिघडले.

ती नणंद, माझ्या यजमानांची थोरली बहीण, सुमन अक्का, गेल्या महिन्यात गेल्या. मी इकडे धुळ्याला चहा गाळत होते आणि सावद्याहून पुतण्याचा फोन आला. "काकू, अक्का गेल्या... झोपेतच." चहा गाळून झाला तरी मी गाळणी धरून उभीच. वय झालं होतं, त्रास झाला नाही, सुटल्या, हे सगळं मग मीच दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत बसले. मनात मात्र भलतंच चाललं होतं. दिवाळीला भेटले तेव्हा अंधूक झालेले डोळे माझ्याकडे लावून त्या म्हणाल्या होत्या, "विमल, पहाडसिंग आता म्हातारा झाला असेल, नाही? त्याचे गुडघे दुखत असतील व माय, एवढं वजन..." आता त्याच्या गुडघ्यांची काळजी कोण करणार?

हा पहाडसिंग म्हणजे कॉमिकमधला एक वीर. आमच्या सासरी, सावद्याला, केळीच्या बागा. केळी भरून ट्रक दिल्लीला जायचे आणि परत येताना करीमभाई, आमचे जुने ड्रायव्हर, अक्कांसाठी तिकडच्या बाजारातून जुन्या हिंदी कॉमिक्सचा गठ्ठा आणायचे. अक्का नांदायला गेल्या आणि वर्षभरात परत आल्या, त्या कायमच्या. का, ते घरात कुणी बोलत नसे. लग्नकार्यात त्या मागच्या मागे स्वयंपाकघरात थांबायच्या. कुणी पुढे बोलावतही नसे. पण संध्याकाळी त्यांनी ओट्यावर सतरंजी अंथरली, की गल्लीतली पोरं खेळ टाकून धावत यायची. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ कुणीतरी अक्कांची वाट बघायचं.

गठ्ठ्यात अचाट शक्तीच्या पाच जणांच्या फौजेचे अंक असत. मधले असत, शेवटचे असत, पहिला मात्र कधीच नाही. पोरं विचारायची, हे पाच जण एकत्र आले तरी कसे? छापील उत्तर हाताशी नाही, म्हणून अक्काच सांगायच्या. पहाडसिंग दगडासारखा प्रचंड, पण चालला की घरोघरची भांडी फळीवरून पडायची, म्हणून बिचारा गावाबाहेरच राहायचा. अग्निलताच्या हातातून जाळ निघायचा, म्हणून ती हात सतत काखेत धरून बसायची. आईनेसुद्धा कधी तिचा हात धरला नव्हता. वायुदूत उडायचा झकास, पण त्याला खाली उतरायची धास्ती. "वर जाणं सोपं राहतं रे," अक्का म्हणायच्या, "उतरल्यावर लोकांत बसायचं कसं?" हे सगळे एका बंद पडलेल्या ट्रकपाशी भेटले, आठवडाभर नुसते भांडले, पाणी कुणी आणायचं यावर रुसले... लढाई यायला अक्का दोन-दोन महिने लावायच्या आणि पोरांना तिची घाईही नसायची.

मला होती! साक्रीकडची मी, बोलताना "आहे"च्या जागी अहिराणी "शे" निघालं की सावद्याची पोरं खदाखदा हसायची. ओट्यावर माझी काही किंमत नव्हती. मग मी काय करावं? करीमभाईंना गळ घालून पहिला अंक मागवला. चांगलं करतेय असंच वाटत होतं हो! अक्का खूश होतील, पोरं मला मानतील. अक्कांच्याच सतरंजीवर बसून तो मी वाचून दाखवला. दुसऱ्या पानावर एक सेनापती पाच जणांना हुकूम सोडतो, तिसऱ्या पानावर मारामारी. ना ट्रक, ना रुसवे, ना कुणाची आई. समोरच्या घरातली कल्पना, असेल आठेक वर्षांची, तिने अक्कांकडे पाहिलं. "अक्का, मंग तुम्ही सांगत होत्या ते खोटं होतं?"

अक्का हसल्या. "छापलेलं खरं, बेटा," म्हणाल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सतरंजी अंथरली गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोरं फिरकेनाशी झाली. अक्का कामाला लागल्या की लागल्याच. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायच्या. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "काय झालं त्याले?" त्यांचं ते साधं बोलणं मला फार लागलं.

शेवटी एका संध्याकाळी मीच सतरंजी अंथरली, पोरांना हाका मारून गोळा केलं आणि अक्कांची गोष्ट पुढे सांगू लागले. मला वाटलं, सोपं असतं. धरण फुटायला आलं, गाव झोपलेलं, पहाडसिंग तिथे उभा... आणि पुढे काय, तेच सुचेना. घाबरून मी म्हणून टाकलं, "आणि पहाडसिंग पळाला." नंतर कित्येक वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, की अक्कांना बाहेर काढायला ही युक्ती मुद्दाम केली. कसली युक्ती? डोक्यात नुसतं भुस्कट होतं.

"पहाडसिंग... पळाला?" कल्पनाच्या डोळ्यांत पाणी. आत पाट्यावर मसाला वाटणं चाललं होतं, ते थांबलं. अक्का पदराला हात पुसत दारात आल्या. मी मनात म्हटलं, आता खोटं पडायची माझी बारी.

"पळाला," अक्का म्हणाल्या. "विमल बरोबर सांगून राह्यली. पण कुठं पळाला, ते इचारा ना तिले."

पोरं माझ्याकडे वळली. अक्का सतरंजीच्या कडेला टेकल्या. "गावात पळाला तो. ज्या गावात पाय टाकायची त्याले लाज वाटे, तिथंच. एकेका घरापुढून धावला. हाक मारायचं काही कामच नाही... घरोघरी भांडी पडली धडाधड. सारं गाव जागं झालं."

पोरांनी असा ओरडा केला, की समोरच्या घरातून माणसं बाहेर आली. त्या दिवसापासून ओटा पुन्हा सुरू झाला, तो पुढे ती पोरं मोठी होऊन त्यांची पोरं येईपर्यंत. त्याच रात्री भाजलेली वांगी सोलायला आम्ही दोघी बसलो, तेव्हा मी धीर करून विचारलं, "अक्का, मी चुकीचं सांगितलं होतं. तुम्ही मला खोटं का नाही पाडलंत?"

वांग्याचं साल ओढता ओढता, माझ्याकडे न बघताच अक्का म्हणाल्या, "पोरांसमोर खोटं पडल्यावर दुसऱ्या दिवशी ओट्यावर यायले पाय उचलत नाही, माय. मले माहीत आहे ना."