तिकडच्या अक्काचा मुराळी

माझ्या धाकट्या भावाला जगाच्या पाठीवर कुठल्याही अनोळखी घरात नेऊन सोडा, दिवस मावळायच्या आत तो त्या घराच्या चुलीपुढं बसून लसूण सोलत असतो आणि त्या घरातली थोरली बाई त्याला आपल्या पोरांच्या तक्रारी सांगत असते. ही कला तो कुठं शिकला देव जाणे. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला ती येत नाही. मी लग्न होऊन चिंताकीला आले तेव्हा सासरच्या स्वयंपाकघरात मीठ कुठं ठेवतात हे विचारायलाही मी कितीतरी दिवस लाजत होते. आमच्या तम्माचं तसं नाही. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात आणि आमच्या माहेरी, कमठाण्यात, मराठी घरांतही तेच चालतं. तर या तम्माला परक्या घरातलं मीठच काय, त्या घरातलं भांडणसुद्धा पहिल्या जेवणात सापडतं आणि दुसऱ्या जेवणापर्यंत त्यानं ते मिटवलेलंही असतं.

याची लक्षणं लहानपणीच दिसली होती. आमचं घर ख्रिस्ती. पण येळवशीला, म्हणजे वेळाअमावस्येला, आजूबाजूची सगळी घरं शेतात जाऊन कडब्याची कोप उभारतात, पूजा करतात, भज्जी-आंबील जेवतात आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. बोलावणं आलं की आम्हीही शेजारच्या अप्पांच्या शेतात जायचो आणि जेवून परत यायचो. तम्मा परतायचाच नाही. एका येळवशीला दिवस कलला तरी त्याचा पत्ता नाही, म्हणून आईनं मला शोधायला पाठवलं. मी शेताशेतात विचारत गेले आणि जिथं तिथं ‘आत्ताच जेवून गेला की’ हेच ऐकलं. शेवटी तो एका कोपीत आंबिलीच्या मडक्याशेजारी झोपलेला सापडला. त्या घरची सून त्याच्या अंगावर पदर घालून बसली होती. मला म्हणाली, "झोपू दे गं त्याला. सकाळी धाडते की." त्याला ओढत घरी आणताना मला त्या बाईचा असा राग आला होता की मी तिचा निरोपही घेतला नाही.

असा हा माणूस शिक्षण संपल्यावर चर्चच्या कामासाठी परदेशी निघाला. दोन वर्षं फिलिपाइन्समध्ये राहायचं, पोरांना रविवारी बायबलच्या गोष्टी सांगायच्या, वादळानं उडालेले पत्रे बसवायला मदत करायची आणि तिथल्या चर्चमधल्या कुटुंबांकडं पाळीपाळीनं मुक्काम करायचा, असं ते काम. आईनं कडक भाकऱ्यांचा डबा दिला, शेंगांची चटणी दिली, आणि विमान सुटेपर्यंत प्रार्थना केली. मला खात्री होती की हा आठवडाभरात फोनवर रडणार. त्याला धीर द्यायला काय काय बोलायचं ते मी मनात जुळवूनही ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्य वापरायची वेळ त्यानं आणली नाही. पहिल्या फोनवर म्हणाला, "अक्का, इथं मला आई मिळाली." आईला हे सांगितलं तर ती दिवसभर जेवली नाही. पुढच्या फोनवर त्याला वडीलही मिळाले होते. आणि मग एके दिवशी आनंदानं ओरडतच म्हणाला, "अक्का, इथं मला अक्का पण मिळाली की."

मी म्हणाले, "बरं झालं." माणूस ‘बरं झालं’ किती प्रकारे म्हणू शकतो ते ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

त्यानंतर माझ्या मोबाईलवर फोटो यायला लागले. तिकडची अक्का मासे साफ करताना, तिकडची अक्का चर्चमध्ये गाताना, तिकडची अक्का याला भात वाढताना. मी प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून बघायची. बाई दिसायला वाईट नव्हती, हेही मला लागायचं. आमच्या घरी आई दवाखान्यात रात्रपाळीला असायची, तेव्हा या पोराला मी न्हाऊ घातलंय, त्याच्या उवा काढल्यात, त्याच्या वाटची मास्तरांची बोलणी मी खाल्लीत. आणि हिनं काय केलं, तर दोन वेळा भात वाढला आणि अक्का झाली. आमचे हे माझ्या तोंडाकडं बघून म्हणायचे, "अगं, ती समुद्रापलीकडं हाय. तुझ्या वाटणीतलं काय न्हेणार हाय ती?" मी म्हणायची, "मी कुठं काय म्हणायलेय."

दोन वर्षांनी तम्मा परत आला तो निम्मा तिकडचा होऊन. आल्या आल्या त्यानं आईचा हात धरून आपल्या कपाळाला लावला. तिकडं थोरांच्या पाया पडायची ती रीत आहे म्हणे. आईला वाटलं पोराला ताप आलाय, तिनं तिथंच त्याला गोळी चारली. जेवायला बसला की भाकरी मोडायला काटा-चमचा मागायचा आणि प्रत्येक भाकरीला "थँक्यू, आई" म्हणायचा. आई एकदा वैतागून म्हणाली, "मी काय हाटेल काढलंय का रे?" तिकडं ‘होय’ म्हणायला नुसत्या भुवया उचलतात. आई विचारायची, "आणिक वाढू का?" हा भुवया उचलायचा, आईला वाटायचं नको म्हणायलाय, आणि पोरगं अर्धपोटी उठायचं. सगळ्यांत अवघड म्हणजे तिकडं वस्तू दाखवायची ती बोटानं नाही, ओठ पुढं काढून. बिदरच्या बसस्टँडवर एका बाईनं त्याला विचारलं, औरादची गाडी कुठली. यानं गाडीकडं ओठ काढले. बाईनं चप्पल काढली. त्याला बाजूला ओढून नेता नेता मीच तिची माफी मागितली आणि गाडी बोटानं दाखवली.

तिकडं म्हणे सप्टेंबर लागला की नाताळ सुरू होतो. म्हणून सप्टेंबरच्या पहिल्याच रविवारी आमच्या दारात मोठा तारा लागला आणि स्पीकरवर नाताळाची गाणी. आमचे पास्टर घाबरून सायकलवरनं आले. शेजारचे अप्पा दारात येऊन विचारायला लागले, "कामून बा, तुमचा देव औंदा लवकर जन्मायलाय का?" तम्मानं त्यांना आत बसवून चहा पाजला आणि अख्खं गाणं शिकवलं. आता अप्पा ते गाणं गोठ्यात म्हणतात.

हे सगळं मी प्रेमानं चालवून घेतलं असतं. पण प्रत्येक गोष्टीच्या शेपटाला ती बाई असायची. माझ्या हातचं कोंबडीचं कालवण खाताना म्हणाला, "छान झालंय. तिकडची अक्का यात व्हिनेगर घालते." दुसऱ्या दिवशी मी औरादहून व्हिनेगरची बाटली आणली आणि कुणाला न सांगता तसलं कालवण केलं. आमच्या ह्यांनी एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "हे कालवण हाय, का लोणचं मुरायला ठेवलंयस?" ती बाटली अजून फडताळात मागं उभी आहे. मी तिच्याकडं बघत नाही.

आणि मग त्यानं ती मुराळ्याची गोष्ट सांगितली. आमच्याकडं सासुरवाशीण सणाला आपली आपण माहेरी जात नाही. न्यायला कुणीतरी यावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. हिंदू घरांत पंचमीला, आम्हा ख्रिस्ती घरांत नाताळाला. मुराळी केळी आणि कापड घेऊन येतो, म्हणतो, "अक्काला न्यायला आलोय." मग सासू म्हणते, "आत्ता कशी धाडू बाबा, तुरीची रास पडलीय." हे नाही म्हणणं रीतीचं असतं. मुराळी हसतो, पिशवीवर टेकतो, चहा मागतो. सासू आणखी एकदा नाही म्हणते. तोवर आत सुनेची पिशवी केव्हाची भरलेली असते.

तर तम्मा तिकडं ज्यांच्या घरी राहत होता त्यांची थोरली लेक, म्हणजे हीच तिकडची अक्का, शेजारच्या बेटावर दिलेली. पहिला नाताळ जवळ आला तरी तिला आणायला कुणी निघेना. तम्माला हे बघवेना. घरच्यांना न सांगता यानं केळ्यांचा घड घेतला, कापड घेतलं, बोटीत बसला आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिला. तिचा नवरा अंगणात मासे कापत होता. त्याला हा आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "मी तुझ्या बायकोला न्यायला आलोय." नवऱ्याचा हात थांबला. तो म्हणाला, "नाही." तम्माला भरून आलं. काय रीतीचं घर आहे, असं वाटलं त्याला. तो हसला, पिशवीवर टेकला आणि म्हणाला, "चहा घेतो, मग नेतो." नवरा आणखी जोरात नाही म्हणाला. तम्मा आणखी खूश. तेवढ्यात ती बाहेर आली, याला बघून रडायला लागली, आणि नवऱ्याला वाटलं हिनं माहेरी आपल्या कागाळ्या केल्यात. शेजारी जमले, त्यांचा सरपंच आला. शेवटी तिच्या आईला फोन लावला तेव्हा सगळा उलगडा झाला. मग नवरा, बायको, पोरं आणि सरपंच, सगळे एकाच बोटीतून नाताळाला आले.

हे सांगून तम्मा पोट धरून हसत होता, आई हसत होती, आमचे हे तर डोळे पुसत होते. मला हसू येईना. ते दोन्ही नाताळ मी चिंताकीत काढले होते. हे म्हणाले होते, चल, मी सोडतो मोटारसायकलवर. पण नवऱ्यानं नेऊन सोडायचं हे कसलं माहेरी जाणं? भरलेली पिशवी मी दोन्ही वेळा मुकाट्यानं रिकामी केली. माझ्या सासूबाईंना नाही म्हणायचीसुद्धा संधी मिळाली नव्हती.

मी म्हणाले, "तिला आणायला बोटीतनं गेलास. मला आणायला कोण आलं होतं रे?"

तम्माचं हसू थांबलं. खाली बघत म्हणाला, "तुला आणायला येता येईना, म्हणून तर तिला आणायला गेलतो अक्का. नाताळ आलता, पाय घरात ठरंना. कुणाला तरी आणायला जायचंच होतं मला."

हे ऐकून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. वाईट जरा जास्त. माझ्या वाटणीचं येणं दुसरीच्या दारात उतरलं होतं, आणि त्याचा हिशेब कुणाकडं मागायचा?

त्याच आठवड्यात त्यानं तिला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. मी नवी साडी नेसून बसले होते, कशासाठी ते विचारू नका. ती घरातल्याच कपड्यांत होती, हात ओले होते. काहीतरी भराभरा बोलली. तम्मा म्हणाला, "ती म्हणायलीय, तुझा भाऊ मी नीट सांभाळला का?" मग तिनं फोन फिरवून भिंतीवरचा एक फोटो दाखवला. तिचा सख्खा भाऊ. मालवाहू जहाजावर आहे, कितीतरी नाताळ घरी आलेला नाही. त्या दिवशी ती का रडली ते मला तेव्हा कळलं. मी तम्माला म्हणाले, "तिला सांग, मी त्याच्यासाठी प्रार्थना करीन." आणि करते. मत्सर गेला असं नाही. पण रोज रात्री तिच्या भावाला सुखरूप घरी आण म्हणून देवाला सांगायचं आणि सकाळी उठून तिच्यावर जळायचं, हे मला मन लावून जमेनासं झालं.

त्या नाताळाला तम्मा चिंताकीला आला. केळी, कापड, सगळं रीतीनं. सासूबाई चांगल्या तीनदा नाही म्हणाल्या, त्यांचाही अनुशेष होता. मी माहेरी चार दिवस राहिले आणि त्याच्याशी दोनदा भांडले, इतकं ते सुखाचं होतं. उन्हाळ्यात तो पुन्हा गेला. आता आफ्रिकेत आहे. पहिल्याच फोनवर म्हणाला की तिथं आई मिळाली, आणि तिची थोरली लेक दूर दिलेली आहे. मी म्हणाले, "आणायला जाशील तर आधी तिच्या नवऱ्याला फोन कर." फोन ठेवला आणि त्या न पाहिलेल्या बाईचा मला हेवा वाटला. तिला आणायला जायचं त्यानं विसरू नये, असंही वाटलं.

यंदा नाताळाच्या आधी मी सासूबाईंना म्हणाले, "मी कमठाण्याला जाते. आई एकटी हाय." त्या म्हणाल्या, "न्यायला कोण आलंय?" मी म्हणाले, "कुणी न्हाई." मग त्यांनीच उठून चहा ठेवला.

औरादला, बिदरला गाड्या बदलत मी दुपारी घरी पोचले. आई दारातच होती. माझ्याकडं बघायच्या आधी तिनं माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं.

"कोण आलंय संगं?"

"कोणी न्हाई. मीच आले."

"व्हय," आई म्हणाली. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, मला आत घेतलं, पाणी दिलं. दार मात्र तिनं बराच वेळ लावलं नाही, आणि मीही लाव म्हणाले नाही.